डावीकडची गल्ली

सामान खोलीत टाकून आणि अंघोळ आटोपून घोरपड बाहेर आली, तेव्हा घरमालकीण दारातच उभी होती. आज यात्रेचे दोर लागलेले नाहीत, गल्ली मोकळी आहे, कुठे जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, असं तिनं सुचवलं. घोरपडीनं वही उघडून दाखवली. वहीत सोमवारपुढे लिहिलं होतं, 'विश्रांती आणि सामान लावणे'. कॉलेजातली नोंदणी तिनं मंगळवारी ठेवली होती, सकाळी साडेदहाला. घरमालकिणीनं वहीकडे पाहिलं, मग घोरपडीकडे पाहिलं आणि तुमची मर्जी म्हणून ती खाली निघून गेली. तिच्याकडे उतरणारा प्रत्येक जण गावातल्या देवस्थानाच्या दर्शनालाच आलेला असे, आणि वेळापत्रक लिहून दर्शनाला आलेलं माणूस तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

घोरपड हे काही तिचं खरं नाव नव्हे. एखादी गोष्ट एकदा धरली की सोडायची नाही, या गुणामुळे आत्यानं ते लहानपणीच ठेवलं होतं, आणि आत्यानं ठेवलेलं नाव त्या घरात कुणी बदलत नसे. आई लवकर गेली, त्यामुळे घोरपडीला लहानाचं मोठं केलं ते आत्यानंच. जुने, फाटके, वाळवी लागलेले ग्रंथ दुरुस्त करायची विद्या शिकायला आपण परदेशी जाणार, असं घोरपडीनं जाहीर केलं तेव्हा आत्यानं नन्नाचा पाढा सुरू केला. फाटका कागद चिकटवायला साता समुद्रापलीकडे कशाला जायला हवं, घरात डिंकाची बाटली आहे, असं तिचं म्हणणं. दोन वर्षं हा वाद चालला. घोरपडीनं तेवढ्यात तिकडची भाषासुद्धा शिकून घेतली. शेवटी कॉलेज कोणत्या गावात आहे ते आत्याच्या कानावर गेलं आणि वाद जेवणाच्या ताटावरच मिटला. त्या गावाचं देवस्थान पाहायचं हे आत्याचं आयुष्यभर राहून गेलेलं काम होतं.

म्हणजे घरच्यांच्या लेखी घोरपड यात्रेला गेली होती, जमल्यास थोडं शिकणारही होती. घोरपडीच्या लेखी ती शिकायला आली होती आणि देवस्थान वाटेत लागत होतं, इतकंच. गुरुवारी दुपारी चारच्या आत प्रत्यक्ष हजर राहून नोंदणी झाली नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या नावाला मिळणार होती. मग विमानात बसायचं आणि घरी परतायचं. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की घरी कुणालाच वाईट वाटलं नसतं. दर्शन झालं ना, मग सगळं झालं, असं म्हणून आत्यानं आळीभर निरोप धाडले असते. त्या विचारानंच घोरपडीच्या अंगावर काटा येई.

मंगळवारी सकाळी ती नऊला बाहेर पडली आणि पाहते तो गल्लीचं रूपच पालटलेलं. यात्रेचा हंगाम त्या दिवशी सुरू झाला होता. दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंचीचे जाड दोर बांधलेले, मधून माणसांची रांग, आणि रांग जाणार ती फक्त पुढे. मागे फिरायला बंदी होती. गावाची रचना समजायला सोपी होती. उतरायच्या खोल्या एका टोकाला, मधे देवस्थान, आणि देवस्थानातून बाहेर पडलं की पलीकडच्या टोकाला बसचा थांबा. ती बस गावाला वळसा घालून सगळ्यांना परत खोल्यांपाशी आणून सोडायची. कॉलेज मात्र देवस्थानाच्या अलीकडे, डावीकडे फुटणाऱ्या एका अरुंद गल्लीत होतं. त्या गल्लीत शिरायला दुसरी वाट नव्हती.

रांगेच्या तोंडाशी एक खिडकी होती, तिथं फोन जमा करून घेत. आत फोन चालत नसल्यानं तो पिशवीत घालून पलीकडच्या टोकाला पाठवायचा आणि बाहेर पडल्यावर घ्यायचा, अशी व्यवस्था. घोरपडीनं फोन दिला, बिल्ला घेतला आणि ती रांगेत शिरली. दोन तासांनी डावीकडची गल्ली आली. गल्लीच्या तोंडावर आडवा दोर आणि दोरापाशी गळ्यात शिट्टी अडकवलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शर्टाच्या खिशात नियमांची पुस्तिका. हे शिट्टीवाले काका त्या दोराचे स्वयंसेवक होते.

"मला कॉलेजात जायचंय," घोरपड म्हणाली.

"ओळखपत्र?"

"तेच काढायला चाललेय."

"ते काढून आणा, मग सोडतो."

"अहो काका, ते आत मिळतं."

"बरोबर," काका शांतपणे म्हणाले. "आत जायला ओळखपत्र लागतं."

घोरपडीला वाद घालायचा सराव दोन वर्षांचा होता. प्रवेशाचं पत्र दाखवते, असं तिनं सांगितलं आणि खिशात हात घातला. पत्र फोनमध्ये होतं, आणि फोन पिशवीत बसून तिच्याआधी पलीकडच्या टोकाला पोचला होता. तेवढ्यात मागून रांगेचा रेटा आला. काकांनी शिट्टी फुंकली, ताई पुढे चला म्हणाले, आणि ताई गेल्या पुढे. तीन तासांनी ती देवस्थानाच्या मुख्य दालनात होती. ज्या जागेसाठी माणसं आयुष्यभर झुरतात तिथं उभी राहून ती बाहेर जायची वाट कुठे आहे ते शोधत होती. शोधता शोधता बाहेर पडलीसुद्धा. बसनं खोलीवर आली तेव्हा कॉलेजची कचेरी बंद झाली होती.

कचेरीत फोन करून पाहावा, तर त्यांची फोन उचलायची वेळ दहा ते चार, आणि नेमका त्याच वेळात तिचा फोन पिशवीतून प्रवास करत असे. तिनं ईमेल पाठवला, रस्ता अडवला आहे, काय करू. उत्तर तासाभरात आलं. प्रत्यक्ष येऊन भेटावे.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. आज कुठे गेली होतीस, असं तिनं विचारलं आणि घोरपडीनं खरं ते सांगितलं. रांगेत अडकले आणि थेट आतच पोचले, असं ती म्हणाली.  मग आत्यानं फोन स्पीकरवर टाकल्याचं कळलं, कारण शेजारच्या काकू, काकूंच्या सासूबाई आणि काका असे सगळे एकदम बोलू लागले. पहिल्याच दिवशी. लोक आठ आठ दिवस थांबतात आणि आमच्या पोरीला पहिल्याच दिवशी. घोरपडीनं सांगायचा प्रयत्न केला की तिला जायचंच नव्हतं, ती चुकून गेली.

"चुकून कुणी जात नाही तिथं," आत्या म्हणाली. "बोलावलं असेल तुला."

घोरपडीनं त्यावर कानाला खडा लावला. फोन ठेवल्याबरोबर ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि प्रवेशाच्या पत्राची सगळी सहा पानं छापून घेऊन आली.

बुधवारी काकांनी ती सहाच्या सहा पानं वाचली. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मागची रांग तेवढ्यात कुरकुरायला लागली, पण काकांनी शेवटच्या पानावरची सहीसुद्धा चष्मा वर करून पाहिली. पत्र अस्सल आहे, असं ते म्हणाले. जुनी पुस्तकं दुरुस्त करायची विद्या फार चांगली, असंही म्हणाले. गणिताचे निवृत्त मास्तर होते, आपल्या घरची जुनी पुस्तकं वाळवीनं कशी खाल्ली ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. आणि मग, पत्र म्हणजे ओळखपत्र नव्हे, असं सांगून त्यांनी सहा पानं नीट घडी घालून परत दिली. मात्र वरच्या साहेबांनी चिठ्ठी दिली तर आपण लगेच सोडू, एवढं त्यांनी कबूल केलं.

"साहेब कुठे बसतात?"

काकांनी पुढे बोट दाखवलं. साहेब रांगेतच, मुख्य दालनाच्या दाराशी टेबल टाकून बसत.

घोरपड यावेळी आपणहून पुढे गेली. अडीच तासांनी साहेबांचं टेबल आलं. साहेब भला माणूस निघाला. त्यानं एक शब्दही जास्त न विचारता चिठ्ठी लिहिली, 'या विद्यार्थिनीस डाव्या गल्लीत सोडावे', खाली सही ठोकली आणि शिक्का मारला. घोरपडीचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी घेऊन ती मागे वळली आणि समोर अख्खी रांग उभी राहिली. मागे फिरायला बंदी होती, ती साहेबांची चिठ्ठी असलेल्यांनाही होती. डावी गल्ली अडीच तास मागे राहिली होती आणि माणसांचा लोंढा तिला पुढे ढकलत होता. दुसऱ्यांदा मुख्य दालनातून जाताना ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होती, आणि बाहेरच्या उजेडात येईपर्यंत तिला शिक्क्याखालची बारीक ओळ दिसली. फक्त आजच्या दिवसापुरते.

खोलीवर पोचायला पाच वाजले. आत्याचा फोन पाचला पाच असताना बसमध्येच आला होता. तिला आता वृत्तान्त नको होता, मागण्या सांगायच्या होत्या. शेजारच्या काकांचा गुडघा, काकूंच्या मुलीचं लग्न, सासूबाईंची झोप. तू रोज जातेयस तर रोज एकेकाचं सांग, म्हणजे देवालाही एकदम भार नको, असा आत्याचा हिशेब. घोरपडीनं हो ला हो केलं. भांडायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला रडायला येत होतं. उद्या शेवटचा दिवस. दोन वर्षं भांडून मिळवलेली जागा एका दोराच्या पलीकडे होती आणि तिला तो दोर ओलांडता येत नव्हता.

ती पलंगावर पडून खोलीच्या दाराकडे पाहत राहिली. दाराच्या आतल्या बाजूला यात्रेकरूंसाठी नियम चिकटवलेले होते, बावीस. दोन दिवसांत तिनं ते वाचले नव्हते, कारण आपण यात्रेकरू नाही यावर ती ठाम होती. आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून तिनं वाचायला घेतले. चौदाव्या नियमापाशी ती उठून बसली. उठून दारापाशी गेली आणि तो नियम तिनं पुन्हा वाचला. मग वही काढून गुरुवारपुढे लिहिलेलं सगळं खोडलं आणि त्या जागी एकच शब्द लिहिला, 'बसणे'.

गुरुवारी गर्दी तिपटीहून जास्त होती. सकाळी आठला रांगेत शिरलेली घोरपड डाव्या गल्लीपाशी आली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. काकांनी तिला ओळखलं, मान हलवली आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केला. घोरपडीनं चिठ्ठी दिली नाही. आडवा दोर ज्या लाकडी खांबाला बांधला होता त्या खांबाला तिनं दोन्ही हातांनी मिठी मारली आणि रस्त्यावर बसकण मारली.

मागचा माणूस अडखळला. त्याच्या मागची बाई थांबली. मग त्यामागचे, मग त्यामागचे, आणि बघता बघता ती अख्खी रांग जागच्या जागी उभी राहिली. काकांनी शिट्टी फुंकली. दुसऱ्यांदा फुंकली. पुढे बरीच मोकळी जागा पडली आणि मागे लोक टाचा उंचावून पाहू लागले, कुणाला चक्कर आली की काय.

"ताई, उठा."

"नाही उठत."

"अहो, रांग थांबलीय."

"माहीत आहे. मीच अडवून धरलीय. नियम चौदा काय म्हणतो, काका?"

काकांना सगळे नियम पाठ होते, पण मास्तरांचा स्वभाव, पुस्तक उघडल्याशिवाय उत्तर द्यायचे नाहीत. त्यांनी खिशातून पुस्तिका काढली, चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं. "रांग अडवून धरणाऱ्या व्यक्तीस जवळच्यात जवळच्या वाटेने रांगेबाहेर काढण्यात यावे."  त्यांनी पुढे पाहिलं. पुढची बाहेर जायची वाट देवस्थानापलीकडे होती. त्यांनी मागे पाहिलं. मागची वाट रांगेच्या तोंडाशी होती. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, रांग ते गल्ली हे अंतर पावलांनी मोजलं, आणि ते चार पावलं भरलं.

"नियमात बसतं," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अवघड गणित सुटल्याचं समाधान होतं. त्यांनी स्वतः तिचा दंड धरला, दोर वर उचलला आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिला रांगेबाहेर काढलं. घोरपड डाव्या गल्लीतून जी पळत सुटली ती कचेरीच्या खिडकीपाशी येऊनच थांबली. घड्याळात साडेतीन वाजत होते.

खिडकीतल्या कारकुनानं कागद पाहिले, सही घेतली, फोटो काढला आणि हिरवं ओळखपत्र नाडीत ओवून तिच्या हातात ठेवलं. या गावात असेपर्यंत हे गळ्यातून काढायचं नाही, असं बजावलं. सगळं मिळून सात मिनिटं लागली. एवढा उशीर का केलात, बाकीची मुलं तर सोमवारीच येऊन गेली, सोमवारी गल्ली मोकळी होती, असं कारकून सहज म्हणाला. घोरपडीनं वही पिशवीत खोलवर कोंबली.

कॉलेजच्या मागच्या, फक्त बाहेर सोडणाऱ्या फाटकातून ती बसच्या थांब्यावर गेली, बिल्ला देऊन फोन घेतला आणि त्या संध्याकाळी तिनं आपणहून घरी फोन लावला. नोंदणी झाली, ओळखपत्र मिळालं, सोमवारपासून वर्ग, असं सगळं एका दमात सांगितलं. आत्या बरं झालं म्हणाली. स्पीकर बंद होता, मागे कुणाचा आवाज नव्हता. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर आत्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "तू दोनदा जाऊन आलीस ना गं. कसं आहे आतून? मला सांग की जरा."

घोरपडीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नाही. मंगळवारी तिनं बाहेर जायची वाट पाहिली होती आणि बुधवारी चिठ्ठी. आत्यानं तिला वाढवताना कधी घराचा उंबरा सोडला नाही, कुठल्या गावाला गेली नाही, आणि आयुष्यात एक प्रश्न विचारला त्याचं उत्तर तिच्या भाचीपाशी नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी नीट सगळं सांगते, असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि मग ती खरोखरच रडली.

रविवारी सकाळी ती स्वच्छ कपडे घालून रांगेच्या तोंडाशी गेली. आज घाई नव्हती. आज ती डोळे भरून पाहणार होती, छतापासून फरशीपर्यंत, आणि आत्याला एकेक गोष्ट सांगणार होती. फोनच्या खिडकीतल्या माणसानं तिच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि फोन राहू द्या म्हणाला, कार्डवाल्यांना नेता येतो. घोरपडीला बरंच वाटलं. दोन तासांनी डाव्या गल्लीशी काका उभे होते. तिला पाहून त्यांनी तोंडभर हसून दोर वर धरला.

"आज कॉलेज नाही काका. मी दर्शनाला आलेय."

काकांचं हसू मावळलं. हंगामात कार्डवाल्यांना, म्हणजे इथं राहणाऱ्यांना, या गल्लीपुढे दर्शनाच्या रांगेत मज्जाव आहे, ही गर्दी बाहेरगावच्यांसाठी, असं त्यांनी सांगितलं. नियम एकोणीस. मग हंगाम संपल्यावर येते, असं घोरपड म्हणाली. हंगाम संपला की आत दुरुस्ती आणि रंगकाम निघतं, ते संपेपर्यंत पुढचा हंगाम येतो, असं काका म्हणाले. घोरपडीनं खांबाकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. बसकण मारली तर तिला कुठल्या वाटेनं बाहेर काढतील हे दोघांनाही पाठ होतं.

"माझी आत्या वाट पाहतेय हो," ती म्हणाली. "आत कसं आहे ते तिला सांगायचंय. तुम्ही तरी सांगा."

काकांनी गळ्याजवळ हात नेऊन शर्टाच्या आतून तसंच एक हिरवं कार्ड बाहेर काढलं. "अकरा वर्षं इथं उभा आहे," ते म्हणाले. "मी कुठला आत जातोय." मग मागची माणसं जवळ आली आहेत हे विसरून त्यांनी विचारलं, "तुम्ही दोनदा गेलात. कसं आहे?"

घोरपडीला आता खोटं बोलावंसं वाटलं नाही. "माझ्यापुढे एक उंच माणूस होता," ती म्हणाली. "त्याचा शर्ट चौकड्यांचा होता. निळा आणि पांढरा. एक बटण मानेपाशी तुटलेलं होतं. मला तेवढंच दिसलं."

काकांनी विचार करून मान डोलावली. "माझी बायको लग्नाआधी येऊन गेली होती," ते म्हणाले. "तिनं पुढच्या बाईची हिरवी शाल पाहिली." आणि त्यांनी दोर वर धरला.

रविवारच्या बंद कॉलेजच्या पायरीवर बसून घोरपडीनं घरी फोन लावला आणि शर्टापासून शालीपर्यंत सगळं सांगून टाकलं. नियम एकोणीसही सांगितला. पलीकडे आत्या ऐकत होती. ती रागावेल, नाहीतर गप्प होईल, असं घोरपडीला वाटलं होतं. आत्यानं फक्त विचारलं की हा हंगाम कधीपर्यंत आहे. अजून दोन महिने, असं घोरपडीनं सांगितलं.

"मग पासपोर्टचा अर्ज कुठे मिळतो ते उद्या शेजारच्या काकांना विचारायला सांगते," आत्या म्हणाली. "मी बाहेरगावची, मला कार्ड नाही. तू आपली शीक डावीकडे."

"अगं पण आत्या, तुझ्याहीपुढे कुणीतरी उंच उभा असेलच की."

"असू दे. त्याला बाजूला व्हायला सांगेन," आत्या म्हणाली, आणि पासपोर्टला फोटो किती लागतात ते विचारायला तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली.